औषध एक, नंबर अनेक

पुण्यातल्या कुठल्याही औषधाच्या दुकानाचं छापील बिल हातात घ्या. औषधाचं नाव, पॅक, बॅच नंबर, एक्स्पायरी, एचएसएन, एमआरपी, नग, रक्कम असे रकाने एका ओळीत दाटीवाटीने बसवलेले असतात. हे बिल न्यू जर्सीहून महिनाभराच्या सुटीवर आलेल्या कुणाचं असेल आणि परत गेल्यावर तिकडच्या विमा कंपनीला पाठवायचं असेल, तर खरी पंचाईत फॉर्म भरताना होते. फॉर्मवर ‘एनडीसी’ नावाची एक चौकट असते, ११ आकड्यांची. बिल उलटसुलट करून पाहिलं तरी त्यावर असा नंबर सापडत नाही. मग जो आकडा दिसेल तो लिहून टाकला जातो. कुणी एचएसएन लिहितं, कुणी बॅच नंबर, कुणी स्ट्रिपच्या मागचा लायसन्स नंबर.

या तिन्हींचा क्लेमशी काडीचाही संबंध नाही. एचएसएन हे कर लावण्यासाठीचं वर्गीकरण. किरकोळ विक्रीसाठी बांधलेली बहुतेक औषधं ३००४ या एकाच शीर्षकाखाली येतात. मधुमेहाची गोळी असो की खोकल्याचं सिरप, पहिले चार आकडे तेच. बॅच नंबर म्हणजे कारखान्यातून एका वेळी निघालेला एक घाणा. पुढच्या महिन्यात त्याच गोळीचा बॅच नंबर वेगळा. आणि लायसन्स नंबर तर कारखान्याचा, औषधाचा नव्हेच.

भारतात १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० लोकप्रिय ब्रँडच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे. तो स्कॅन केला की जेनेरिक नाव, ब्रँड, उत्पादक, बॅच, तारखा हे सगळं दिसतं. पण तो औषध अस्सल आहे की बनावट हे पडताळण्यासाठी आहे. परदेशातल्या क्लेम विभागाच्या कॉम्प्युटरला तो ओळखता येत नाही.

मग हा एनडीसी काय प्रकार आहे? नॅशनल ड्रग कोड. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी योजनेखाली रुग्णालयाबाहेर घेतलेल्या औषधांचे पैसे परत देण्यासाठी तो मुळात आखला गेला. म्हणजे त्याचा जन्मच क्लेमसाठी झालेला. १९७२ च्या कायद्याने औषधांची यादी तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाकडे, म्हणजे एफडीएकडे, नोंदवणं बंधनकारक झालं आणि हा नंबर सगळीकडे पसरला. त्याचे तीन तुकडे असतात. पहिला तुकडा कंपनीचा, आणि तेवढाच एफडीए देते. दुसरा तुकडा औषध, त्याची ताकद आणि रूप सांगतो, तिसरा पॅकचा आकार सांगतो. हे दोन्ही कंपनी स्वतः ठरवते. एखाद्या औषधाला एनडीसी आहे म्हणजे एफडीएने ते मंजूर केलं आहे, असंही नाही. नोंद वेगळी आणि मंजुरी वेगळी, हे एफडीए स्वतःच सांगत असते.

एक उदाहरण जवळून पाहू. कोलेस्टेरॉलवरची लिपिटॉर ही मूळची फायझरची प्रसिद्ध गोळी. तिच्या १० मिलिग्रॅमच्या ९० गोळ्यांच्या बाटलीचा नंबर होता ००७१-०१५५-२३. इथे ००७१ ही कंपनी, ०१५५ म्हणजे १० मिलिग्रॅमची लिपिटॉर आणि २३ म्हणजे ९० गोळ्यांची बाटली. २० मिलिग्रॅमसाठी मधला आकडा ०१५६ होतो, ४० साठी ०१५७. औषध तेच, पण ताकद बदलली की नंबर बदलला. ९० ऐवजी वेगळ्या संख्येची बाटली घेतली तरी शेवटचे आकडे बदलतात. थोडक्यात, हा नंबर औषधाचा नसून त्या विशिष्ट कंपनीच्या विशिष्ट डबीचा आहे. पुढचा सगळा गोंधळ नीट कळायचा असेल तर एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली पाहिजे.

आता बाटलीवरचे आकडे मोजा. दहाच भरतात. फॉर्मवर घरं मात्र अकरा! बाटलीवर हे तीन तुकडे ४-४-२, ५-३-२ किंवा ५-४-१ अशा तीन मांडण्यांत येतात. क्लेमसाठी मात्र सगळ्यांना ५-४-२ याच साच्यात बसवायचं असतं. ज्या तुकड्यात एक आकडा कमी पडतो, त्याच्या आधी शून्य लावायचं. लिपिटॉरचा पहिला तुकडा चार आकड्यांचा, म्हणून क्लेमवर ०००७१-०१५५-२३ असं लिहायचं. ही रीत साधी आहे, पण मधल्या रेघा गाळल्या की घात होतो. ००७१०१५५२३ हे दहा आकडे सलग पाहून कुणी त्यांना ५-३-२ समजलं तर ००७१०-०१५५-२३ होतं, ५-४-१ समजलं तर ००७१०-१५५२-०३. तीन वेगळे नंबर तयार झाले, त्यातला एकच खरा. या नंबरात चूक पकडणारा तपासणीचा आकडाही नाही, त्यामुळे चुकीचा नंबर गुपचूप पुढे सरकतो आणि काही आठवड्यांनी ‘औषध ओळखता आले नाही’ असं पत्र घरी येतं. म्हणून बाटलीवरून नंबर उतरवताना रेघांसकट उतरवा. पाच आकडी कंपनी-कोड संपत आल्यामुळे एफडीएने २०२२ मध्ये सगळ्यांसाठी ६-४-२ असा १२ आकडी एकच साचा सुचवला, तो या तीन मांडण्यांची भानगड मिटवणारा आहे.

अमेरिकेत राहणाऱ्याला रोजच्या व्यवहारात हा नंबर दिसतही नाही. फार्मसीत कार्ड दाखवलं की तिथला माणूस कार्डावरचे विमा योजना ओळखणारे नंबर, म्हणजे सहा आकडी बिन, पीसीएन आणि ग्रुप नंबर टाकतो, क्लेम जागच्या जागी जातो, आपण आपला वाटा देऊन बाहेर पडतो. कागदी फॉर्म भरायची वेळ येते ती नवीन नोकरी लागून कार्ड अजून पोचलेलं नसताना, विम्याच्या यादीबाहेरच्या फार्मसीत औषध घेतल्यावर किंवा प्रवासात. अशा वेळी नंबर शोधायचा कुठे? फार्मसीत मोठ्या बाटलीतून गोळ्या काढून लहान नारिंगी डबीत भरून देतात. त्या डबीवर नंबर असेलच असं नाही. पिशवीला स्टेपल करून दिलेल्या कागदावर बहुतेकदा असतो, आणि तोच कागद लोक गाडीत बसता बसता फेकून देतात. नसेल तर फार्मसीत जाऊन छापील प्रत मागायची. एफडीएची एनडीसी डिरेक्टरी आणि राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची डेलीमेड ही दोन्ही संकेतस्थळं फुकट आहेत, डेलीमेडवर तर लेबलाचा फोटोही दिसतो. मात्र तिथून नंबर घेताना उत्पादक कोण हे जुळवून पाहा. मधुमेहावरच्या एकाच मेटफॉर्मिनचे डझनावारी उत्पादक आहेत, प्रत्येकाचा नंबर वेगळा.

त्या उत्पादकांत आपली मंडळीही भरपूर. बाटलीवरचा नंबर ६८१८० ने सुरू झाला तर ती लुपिनची, ६८४६२ ने झाला तर ग्लेनमार्कची. दोन्ही मुंबईच्या कंपन्या, आणि दोघींच्याही गोव्यातल्या कारखान्यांतून अमेरिकेच्या बाजारासाठी औषधं जातात. गोव्यात तयार झालेली गोळी शिकागोत एनडीसी लावून विकली जाते, आणि त्याच कंपनीची, तेच औषध असलेली गोळी पणजीच्या दुकानात एनडीसीशिवाय मिळते.

यातूनच एक ‘युक्ती’ निघते आणि परदेशस्थ मित्रमंडळींच्या ग्रुपवर ती मोठ्या खात्रीने सांगितली जाते: भारतात घेतलेल्या औषधाचं अमेरिकेतलं जुळं शोधायचं आणि त्याचा एनडीसी फॉर्मवर टाकायचा. माझं मत स्पष्ट आहे, हे करू नका. तो नंबर लिहिणं म्हणजे ‘मी अमुक कंपनीची, अमेरिकेत विकली जाणारी, अमुक आकाराची डबी घेतली’ असं सही करून सांगणं. तुम्ही ती घेतलेली नाही. बिल रुपयांत, दुकान डेक्कनवरचं आणि नंबर अमेरिकन डबीचा, हे तपासणाऱ्याच्या लक्षात आलं तर सरळ नाकारला गेलेला क्लेम परवडला म्हणायची वेळ येते. क्लेम फॉर्मवर खोटी माहिती हा तिथे गुन्हा आहे आणि फॉर्मच्या तळाशी तसा इशारा छापलेला असतो. परदेशात घेतलेल्या औषधांसाठी अनेक फॉर्मवर वेगळी खूण करायची सोय असते, तिथे देश आणि चलन लिहायचं. चौकट रिकामी राहिली तरी चालते, पण रिकाम्या चौकटीची भरपाई बाकीच्या तपशिलाने करावी लागते.

हा तपशील म्हणजे औषधाचं जेनेरिक नाव, ताकद, रूप, एकूण गोळ्या आणि त्या किती दिवसांसाठी होत्या. ब्रँडच्या नावावर अजिबात विसंबू नका. अमेरिकेत फ्लोमॅक्स म्हणजे प्रोस्टेटच्या त्रासावरचं टॅमसुलोसिन, इटलीत याच नावाने वेदना आणि सूज कमी करणारं वेगळंच औषध मिळतं. डायलाकॉर अमेरिकेत रक्तदाबावरचं डिल्टियाझेम, तर सर्बियात हृदयावरचं डिगॉक्सिन. एफडीएने २००६ मध्ये प्रवाशांना याबद्दल जाहीर सावध केलं होतं. जेनेरिक नावं मात्र जागतिक आरोग्य संघटना १९५० च्या दशकापासून ठरवून देते आणि बहुतेक देश तीच वापरतात. अमेरिकेने काही ठिकाणी आपली वेगळी चूल मांडली आहे: आपलं पॅरासिटामॉल तिथे असिटामिनोफेन, आणि दम्याच्या पंपातलं सालब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल. अशा औषधांपुढे दोन्ही नावं लिहिली की काम भागतं.

भारतीय गोळ्यांत आणखी एक अडचण असते ती जोडगोळ्यांची. ग्लायकोमेट जीपी हे मधुमेह्यांच्या घरोघरी ओळखीचं नाव. त्यात ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन ही दोन औषधं एका गोळीत आहेत. नावापुढचा १ किंवा २ हा ग्लिमेपिराइडचा मिलिग्रॅममधला आकडा, मेटफॉर्मिनचा वेगळा. या दोघांची जोडगोळी अमेरिकेच्या बाजारात नाहीच. तिचा एनडीसी शोधत रात्र जागवली तरी मिळणार नाही, कारण तो अस्तित्वातच नाही. टेनेलिग्लिप्टिन किंवा व्होग्लिबोस असेल तर त्याहून कठीण. ही औषधं तिथे मंजूरच नाहीत. अशा वेळी दोन्ही घटक आपापल्या ताकदीसह वेगळे लिहावेत, आणि ‘एसआर’ असेल तर ‘सावकाश विरघळणारी गोळी’ असं इंग्रजीत पूर्ण लिहावं. तिकडे त्याला ‘ईआर’ म्हणतात.

जेनेरिक नावाच्या जोडीला जगात सगळीकडे समजेल असा एक कोड देता येतो, तो म्हणजे एटीसी. ऑस्लोतलं जागतिक आरोग्य संघटनेचं सहकारी केंद्र तो सांभाळतं. सात अक्षर-आकड्यांच्या या कोडमध्ये शरीराच्या अवयवसंस्थेपासून सुरू करून पायरीपायरीने रसायनापर्यंत पोचायचं असतं. मेटफॉर्मिनचा कोड ए१०बीए०२, म्हणजे पचन आणि चयापचय, त्यात मधुमेह, त्यात इन्सुलिनखेरीजची औषधं, त्यात बिग्वानाइड गट, त्यात मेटफॉर्मिन. रक्तदाबावरच्या ॲम्लोडिपिनचा सी०८सीए०१. फॉर्मवर ही अक्षरं अर्थात रोमनमध्ये लिहायची. गंमत म्हणजे ॲस्पिरिनचे कोड एकाहून अधिक आहेत. रक्त पातळ ठेवायला घेतलं तर बी०१एसी०६, दुखण्यावर घेतलं तर एन०२बीए०१. एटीसीमध्ये कंपनी, ताकद, पॅक यातलं काहीच नसतं, त्यामुळे त्यावरून कॉम्प्युटर किंमत काढू शकत नाही. पण क्लेम माणसाच्या हातात गेला, आणि परदेशी बिलं बहुधा जातातच, की त्याला काय दिलं होतं हे कळतं.

नगाच्या रकान्याकडेही लक्ष द्या, कारण नाकारलेल्या क्लेमचं मूळ पुष्कळदा तिथे असतं. आपल्याकडे दुकानदार ‘३’ लिहितो ते तीन स्ट्रिपा म्हणून. अमेरिकेतला कारकून तीन गोळ्या समजतो आणि तीन गोळ्यांना एवढे पैसे कसे, असं विचारतो. थायरॉईडच्या गोळ्यांची शंभराहून जास्त गोळ्यांची बाटली बिलावर ‘१’ म्हणून येते. बिलावरच पेनने ‘३ स्ट्रिप × १० गोळ्या’ असं लिहून दुकानदाराचा शिक्का घ्यावा. दुकानातून निघण्यापूर्वी हे करायला एक मिनिट लागतं.

कॅनडात चित्र बरंच सोपं आहे. तिथे डीआयएन हा आठ आकडी नंबर हेल्थ कॅनडा देते, तो डबीच्या लेबलवर असतो आणि फार्मसीच्या पावतीवरही छापलेला असतो. त्यात कंपनी, घटक, ताकद, रूप हे सगळं येतं, पॅकचा आकार मात्र येत नाही. म्हणजे ३० गोळ्या घ्या की ९०, डीआयएन तोच. अमेरिकेतून टोरांटोला बदलून गेलेल्यांची इथे हमखास गल्लत होते. ते अमेरिकन नंबर घेऊन बसतात. वनौषधी आणि व्हिटॅमिनांवर डीआयएनऐवजी एनपीएन असतो, आणि नोकरीतल्या विम्यात अशा गोष्टींचे पैसे बहुधा मिळत नाहीत.

जर्मनीत सरकारी विमा असेल तर क्लेमचा प्रश्नच येत नाही. २०२४ पासून प्रिस्क्रिप्शनही इलेक्ट्रॉनिक झालं, साधारण ५ ते १० युरो भरायचे आणि औषध घ्यायचं. खाजगी विमा असलेल्याला मात्र आधी सगळे पैसे भरून मग परत मागावे लागतात. दुकानदार कागदी प्रिस्क्रिप्शनवरच पीझेडएन हा तिथला औषधाचा नंबर आणि किंमत छापून देतो, तो कागद म्हणजे तुमचा क्लेम. जपून ठेवा. पीझेडएन २०१३ पासून आठ आकडी आहे आणि तो अमेरिकेसारखाच डबीचा नंबर, पण त्यात शहाणपणा जास्त आहे. शेवटचा आकडा तपासणीचा. पहिल्या सात आकड्यांना अनुक्रमे १ ते ७ ने गुणायचं, बेरीज करायची, ११ ने भागायचं, बाकी राहील तो आठवा आकडा. १२३४५६७ वर हा हिशोब केला तर बेरीज १४० येते आणि बाकी ८. म्हणजे १२३४५६७८ हा नंबर तपासणीत चक्क पास होतो! एक आकडा चुकला की मात्र कॉम्प्युटर लगेच अडवतो. अमेरिकेच्या एनडीसीत हे नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

हे सगळं झालं घरी नेऊन घ्यायच्या औषधांचं. दवाखान्यात टोचलेल्या इंजेक्शनचा मामला निराळा. अमेरिकेत त्याला ‘जे’ने सुरू होणारा कोड लागतो आणि तो मात्रेच्या एककाला बांधलेला असतो. सेफ्ट्रिआक्सोन या अँटिबायोटिकचा जे०६९६ हा कोड २५० मिलिग्रॅमचा आहे. १ ग्रॅम दिलं तर बिलावर ४ युनिट दिसले पाहिजेत. चार दिसले म्हणून चार इंजेक्शनं लावली अशी ओरड करू नका, आणि एकच दिसला तर दवाखान्याने स्वतःचंच नुकसान केलं असं समजा.

मुलाकडे सहा महिने राहायला गेलेल्या आई-वडिलांच्या बाबतीत औषधाच्या कोडपेक्षा आजाराचा कोड जास्त महत्त्वाचा ठरतो. व्हिजिटर विम्यात आधीपासूनच्या आजारांना सहसा संरक्षण नसतं किंवा तुटपुंजं असतं. समजा, एखाद्या काकू लघवीच्या जंतुसंसर्गासाठी डॉक्टरकडे गेल्या, डॉक्टरने सवयीने रक्तदाबही नोंदवला. बिलावर आय१० हा रक्तदाबाचा कोड पहिला आणि एन३९.० हा संसर्गाचा कोड दुसरा आला, तर क्लेम ‘जुना आजार’ म्हणून परत येऊ शकतो. ज्या कारणासाठी गेलात ते कारण पहिल्या क्रमांकावर आहे ना, हे दवाखान्यातून निघतानाच पाहावं आणि नसेल तर दुरुस्ती मागावी. खरं आहे त्याची दुरुस्ती मागण्यात गैर काही नाही. नसलेला आजार लिहून मागणं गैर. बिलही एकरकमी नको, प्रत्येक सेवेचा कोड आणि रक्कम वेगळी दाखवणारं हवं.

जाता जाता कराबद्दलही थोडं. अमेरिकेचं आयकर खातं बाहेरून मागवलेली औषधं वैद्यकीय खर्चात सहसा धरत नाही. पण परदेशात असताना तिथेच विकत घेऊन तिथेच घेतलेलं, डॉक्टरने लिहून दिलेलं औषध दोन्ही देशांत कायदेशीर असेल तर धरतं. सुटीतली बिलं म्हणून जपण्यासारखी असतात.

पुण्यातल्या सी-डॅकमध्ये भारतीय औषधांना समान कोड देण्याचं काम चालतं. स्नोमेड या आंतरराष्ट्रीय पद्धतीवर बेतलेल्या त्या यादीत घटक, ताकद, रूप आणि ब्रँड यांची सांगड घातलेली आहे. ती दुकानाच्या बिलापर्यंत पोचेल तेव्हा पोचेल. तोवर आपली यादी आपणच करायला हवी. आई-वडील विमानात बसण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासह, प्रत्येक औषधाचं जेनेरिक नाव, ताकद आणि दिवसातून किती वेळा हे इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. आणि नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. आपल्याकडे चिठ्ठीवर ‘सौ. जोशी’ किंवा नुसतं ‘आजी’सुद्धा चालून जातं, पासपोर्टवर मात्र माहेरचं नाव असतं किंवा वडिलांच्या नावाची मधली भर असते. औषध बरोबर, कोड बरोबर, आणि माणूसच दुसरं म्हणून क्लेम परत येतो. डॉक्टरांना आणि दुकानदाराला पूर्ण नाव लिहायला सांगायला संकोच करू नका.